सहावी खुर्ची, आखूड पायांची

खुर्च्यांचं वेड मला दोहात लागलं. इथं दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी कायमचं मायदेशी परततं आणि घरातलं सगळं विकून जातं. द पर्ल नावाच्या श्रीमंत वस्तीतल्या एका फ्रेंच बाईकडे मी लॅम्प बघायला गेले आणि खुर्च्या घेऊन आले. जुन्या, फ्रान्सच्या खेड्यातल्या. अक्रोडाचं लाकूड, पाठीला आडव्या पट्ट्या, बैठक सुक्या गवताच्या पिळाची विणलेली. नवरा म्हणाला, "भंगार." म्हटलं, "तुझं गोल्फचं सामान आधी टाक, मग बोल."

होत्या पाचच. आता पाच हा काय खुर्च्यांचा आकडा आहे? सहावी कुठं गेली, ते त्या बाईलाही ठाऊक नव्हतं. तीन मी जेवायच्या टेबलाशी लावल्या, एक खिडकीशी, एक पॅसेजमध्ये, तिच्यावर घडी घातलेली गोधडी. लेक विचारायची, "आई, कॅन वी सिट, ऑर इज इट अ म्युझियम?"

मग नाशिकहून सासूबाई आल्या. सासरे गेल्यापासून तिथं एकट्याच होत्या, त्यात गुडघ्याचं ऑपरेशन. त्यांनी आता आमच्याकडेच राहावं असं आमचं चाललं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्या हव्या होत्या. माझ्याशी मराठीत भांडणारं घरात दुसरं आहे कोण? लेक इंग्लिशमधून भांडते, त्यात काही मजा नाही.

पण थोड्याच दिवसांत त्यांनी धोशा लावला, "मला घरी पोचव बाई." का, तर करमत नाही. दिवसभर खोलीत आडव्या. खाण्यापिण्याचं विचारलं, नातीनं काही दुखावलं का विचारलं. शेवटी मी चिडले. "अहो आई, काय ते स्पष्ट बोला ना! मी काय मनकवडी आहे?"

तेव्हा म्हणाल्या, "घरभर खुर्च्या मांडल्यास गं, पण मला टेकायला जागा नाही. पाय लोंबकळतात, सुजतात. सोफ्यात बसले तर उठवायला माणूस लागतं. खाली बसायचं नाही म्हणतो डॉक्टर. किती दिवस पाहुण्यासारखं राहायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई चणीनं एवढ्याशा, हे मला काय माहीत नव्हतं? पायांखाली पाट दिला, तर त्याला अडखळून पडता पडता वाचल्या. "राहू दे तुझे उपाय," म्हणाल्या. नवऱ्यानं त्यांचं शुक्रवारचं तिकीट काढलं.

त्याच आठवड्यात इंडस्ट्रियल एरियातल्या एका जुन्या सामानाच्या गोदामातून फोन आला, तिथं मी सहावीसाठी सांगून ठेवलं होतं: मॅडम, तुमच्या खुर्च्यांसारखीच एक आली आहे. मन लागत नव्हतं, तरी गेले. तीच घडण, तेच विणकाम. आणि चारही पाय खालून कापलेले! माझं डोकंच फिरलं. कुठल्या मेल्यानं हिच्यावर करवत चालवली? मालक म्हणाला, "टेन्शन नहीं, मॅडम, बढई जोड़ देगा." शेजारच्या सुतारानं खुर्ची उलटी केली आणि मापं घ्यायला लागला.

मी कापलेल्या पायांवरून बोट फिरवलं. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. कापल्यावरही तिच्यावर वर्षानुवर्षं कोणीतरी बसलं होतं. नासधूस करणारा माणूस चारही पाय इतके सारखे कशाला कापेल? आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"खलास!" मी ओरडले, इथल्या अरबीत म्हणजे बस, पुरे. "कुछ मत जोड़ो!"

घरी आल्यावर खुर्ची स्वयंपाकघरात ओट्याशी ठेवली आणि सासूबाईंना हाताला धरून आणलं.

"ही मोडकी कुठून उचललीस?"

"बसून तर बघा."

बसल्या. दोन्ही टाचा फरशीला टेकल्या. त्यांनी पाय दाबून पाहिले, उठल्या, कोणाचा हात न धरता पुन्हा बसल्या. "त्या फ्रान्सवाल्यांकडेही होती म्हणायची कोणी माझ्यासारखी बुटकी," म्हणाल्या. मला रडू आवरेना. तिथंच फरशीवर बसकण मारली आणि रडून घेतलं.

त्यांचं लक्ष ओट्यावरच्या मटारच्या पिशवीकडे होतं.

"रडतेस काय? ते मटार दे इकडे, तुला जन्मात धड सोलता यायचे नाहीत. आणि त्याला सांग, शुक्रवारचं रद्द कर म्हणावं. एवढा ढीग आणलायस, तो कोण सोलणार आहे?"