घरात लूम नाही

कुत्री बायकोची. तिला घरात घ्यायला माझा विरोध होता, हे मी आजही लपवत नाही. बायको गेली आणि मागं उरलो आम्ही दोघं, एकमेकांचं तोंड चुकवत.

कुत्री म्हातारी झालेली. मागचे पाय आखडायचे, उठताना पुढच्या पायांवर सगळं अंग ओढायची. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मला मालिश शिकवली. तेल लावायचं नाही, चाटेल. तळवे घासून गरम करायचे, पाठीपासून मांडीपर्यंत केसांच्या दिशेनं हात फिरवायचा, मग बोटांनी हलकेच गोल गोल. पण आधी तिला अंग सैल सोडू द्या म्हणाल्या, ताठ अंग चोळलं तर दुखेल.

सैल सोडते कसली! मी हात लावला की नुसतं लाकूड. बायकोच्या हाताखाली हीच कुत्री दुपारभर पसरलेली असायची. "गप पड ना," मी म्हटलं, तर कान पाडून मोरीकडं सरपटत गेली. म्हटलं, मर तिकडं. मग माझं मलाच वाईट वाटलं, कारण घरात दुसरं होतं तरी कोण?

माझा जन्म लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर गेला. त्या खडखडाटात शेजारच्या कारागिराशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. घरी मीठ मागितलं तरी शेजाऱ्यांना भांडण वाटायचं. बायको चिडवायची, अहो, घरात लूम नाही, हळू बोला. ती मात्र कुत्रीला चोळताना सारखं काहीतरी पुटपुटत असायची. माहेरचं काही असेल, माझ्या तक्रारी असतील. मला ते ऐकूच यायचं नाही, कान लूमनं खाल्लेले.

एका दुपारी मी हात गरम केले, कुत्रीजवळ फरशीवर बसलो आणि तसंच पुटपुटून पाहिलं. काय बोलावं सुचेना. डाळ करपली म्हणून सांगितलं. सकाळी नळाला पाणी आलं नाही, तेही सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, पण तिचा कान माझ्याकडं वळला. मांडी जराशी मऊ लागली. डोळे मात्र दाराकडंच, रोजच्यासारखे.

तेव्हा तोंडून निघालं. आजवर हे सगळ्यांनी मला सांगितलं होतं, मी कुणालाच नाही.

"ती न्हाय येणार आता," मी म्हणालो. "आता आपण दोघंच."

कुत्रीनं डोकं फरशीवर टेकलं. आखडलेला पाय माझ्या हातात सैल पडला. मला रडू फुटलं, तेही मोठ्यानंच. ती जागची हलली नाही.