उजव्या कानाची ओळ

लाखनीच्या आमच्या महाविद्यालयात पुरुषोत्तम लांजेवार सर इंग्रजी शिकवत आणि कॉलेज सुटल्यावर हौसेने रशियन. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "रशियन माणूस वासही ऐकतो, त्यांचं क्रियापदच तसं आहे. इंग्रजीत आणताना त्याला नाक द्या." आम्ही हसलो, सर हसले नाहीत. कोणाला, कशाने, किती अंतरावरून जाणवले, हे कळल्याशिवाय इंद्रियांचा एकही शब्द ते पुढे जाऊ देत नसत. त्यांच्या या चिकटपणाची थट्टा करण्यात मी सगळ्यांच्या पुढे होते.

माझी लेक कल्याणी रशियात डॉक्टरकी शिकत होती. मेंदूज्वराने तिचे कान गेले आणि ती आसगावला परतली. नागपूरच्या डॉक्टरांनी बजावले, उशीर झाला तर कानाच्या आत हाड भरते. दोन्ही कानांत यंत्र बसवायचे ठरत होते. थोडेफार ऐकू येत असेल तर तेही त्या शस्त्रक्रियेत जाऊ शकते. रशियन अहवालाचे इंग्रजी तेवढे हवे होते. ते मीच केले आणि सरांच्या सहीसाठी वाकडी वाट करून लाखनी गाठली.

सर दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले. बाहेर गाडी सुरूच होती. माझे यजमान दारातून म्हणाले, "सर, काहून येवढा उशीर करून राहिले? डॉक्टर निघून जाईन ना."

सरांनी मान वर केली नाही. "उजव्या कानाच्या दोन ओळी आहेत, बाई. कुजबुज, शून्य. बोलणं, कानाच्या पाळीशी ऐकू येते. तू दोन्ही मिळून 'बहिरा' लिहिलं. दुसरी ओळ कुठी गेली?"

"त्यानं काय फरक पडते सर? पोरगी बहिरीच आहे माही."

"दुःखात तुले दिसलं नाही. मले दिसलं. मी सही नाही करत."

मी नको ते बोलले. सरांनी पेन पुढे केले. "लिही. गाळायचा हक्क आपला नाही." मी रडत लिहिले.

डॉक्टर त्या ओळीवर थांबले. त्यांनी पुन्हा तपासणी केली आणि शस्त्रक्रिया फक्त डाव्या कानावर झाली. त्यानंतर कित्येक रविवार सर एसटीने आसगावला येत, कल्याणीच्या उजवीकडे बसून तिच्याशी बोलत. ती चिडली तरी सर उठून जात नसत.

आता सरांना पंच्याहत्तर पूर्ण होत आहेत. सर, ठणठणीत राहा, खूप खूप जगा. त्या दिवशीच्या बोलण्याची माफी राहून गेली होती, ती सगळ्यांसमोर मागते. काल कल्याणीने यंत्राचा बाहेरचा भाग काढून ठेवला होता. मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन तुमच्या सत्काराचे सांगितले. ती म्हणाली, "आई, मग मी कोणती साडी नेसू?"