खंडेनवमीची रायफल

चौतीस वर्षांच्या नोकरीत शेकडो गुन्ह्यांचा तपास केला आणि त्यातले बहुतेक विसरलो. एक प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. ते निवृत्तीनंतरचं. चौकशी जर्मन पोलिसांची होती आणि संशयित मी होतो.

पत्नी गेल्यावर मुलानं मला वोल्फ्सबुर्गला आणलं. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, सूनबाई आयटीत, नात बारा वर्षांची. नातीला मराठीत काही विचारलं की ती जर्मनमध्ये उत्तर देते. सकाळी साडेसातला तिघं बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि डिशवॉशर. या गावात गाडी चालवता न येणारा माणूस जाणार कुठे? आठ महिन्यांत कुणी माझा सल्ला म्हणून घेतला नव्हता, आमटीत मीठ किती याचासुद्धा.

मग तिघांना नेमबाजीच्या क्लबचं वेड लागलं. मुलगा म्हणाला, "बाबा, नवशिक्यांसाठी कुठली बंदूक घ्यायची? तुम्हीच सांगा." खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

दुकानात हा पठ्ठ्या सगळ्यात रुबाबदार आणि जड रायफल उचलून उभा. म्हटलं, "ठेव ती खाली. पाच मिनिटांत हात थरथरतील. नवीन माणसाला हलकी एअर रायफल द्यावी, एका वेळी एकच छर्रा घेणारी. घाईची सवय लागत नाही." नातीच्या खांद्याला त्यातली एकही नीट बसेना. तिनं क्लबमधली लहान दस्त्याचीच वापरावी, तीही शिक्षकासमोर, असं मी बजावलं. सूनबाईला दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट रोखायला लावलं, मग एकेक डोळा झाकायला सांगितला. उजवा झाकला तरी बोट घड्याळावरच.

"तुझा डावा डोळा पक्का आहे. डाव्या खांद्याला लावून बघ."

"अहो बाबा, हे तर दुकानदारानंही नाही सांगितलं!" ती हसली. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तिच्यासाठी घेतलेली रायफल घरात कुलपाच्या पेटीत राहायची. किल्ली कुठे असते ते मुलानं मला मुद्दाम दाखवून ठेवलं. मला पुन्हा ठाण्याचा चार्ज मिळाल्यासारखं वाटलं.

पुढे खंडेनवमी आली. पोलीस ठाण्यात त्या दिवशी शस्त्रं पुसून, मांडून त्यांची पूजा होते. नोकरीत एकही वर्ष मी ती चुकवली नाही. घरात शस्त्र आहे आणि पूजा नाही, हे मनाला पटेना. दुपारी पेटी उघडली, रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि उजेडासाठी बाल्कनीत नेली. नीट पुसली, पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची दोन फुलं ठेवली. आपण कुठल्या देशात आहोत याचं भानच राहिलं नाही. एका पोलिसानं करावी अशी चूक ही!

समोरच्या इमारतीतल्या बाईंनी खबर दिली की बाल्कनीत एक म्हातारा रायफल घेऊन उभा आहे. खबर खरीच होती, मीही लगेच पथक पाठवलं असतं.

दार उघडलं तर हेल्मेट घातलेले चौघे पोलीस. मी हात वर केले. बोटं कुंकवानं लाल. ते बघून त्यांचा आवाज चढला. मी जागचा हललो नाही. अशा वेळी हलणारा गोत्यात येतो, हे मीच शिपायांना शिकवलं होतं.

मला खुर्चीत बसवलं. तिशीतली एक महिला अधिकारी शांतपणे प्रश्न विचारत होती आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. नोकरीत चौकशीला माझ्यासमोर बसलेली माणसं सारखा घाम का पुसायची, ते तेव्हा समजलं. त्यांनी फोन केल्यावर सूनबाई ऑफिसातून धावत आली आणि खंडेनवमी म्हणजे काय ते सांगत सुटली. अधिकारी बाई पाटाजवळ गेली. रिकामी रायफल, अर्धी जळलेली उदबत्ती, नैवेद्याला दोन बिस्किटं. तिचा चेहरा सैल झाला. प्रकरण तिथेच सुटलं.

वही मिटताना तिनं आणखी एक प्रश्न विचारला. मी सूनबाईकडे बघितलं.

"काय म्हणतायत?"

"विचारतायत... दिवसभर तुमच्याजवळ कोण असतं."

"मग सांग की."

"नीमांड," ती खाली बघत म्हणाली. कोणी नाही. एवढा जर्मन शब्द मला येत होता. हात वर करताना नव्हतं वाटलं तेवढं वाईट तेव्हा वाटलं.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "बाबा, आता प्लीज कशाला हात लावू नका." रायफल क्लबच्या कपाटात गेली. त्यानं पुन्हा मला काही विचारलं नाही.

मी हजारो जबाब नोंदवले. नाव, वय, धंदा, राहणार. दिवसभर तुमच्याजवळ कोण असतं, हे एकालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर काही माणसं दुसऱ्यांदा माझ्यासमोर आलीच नसती. तपासातला इतका साधा प्रश्न मी निवृत्त झाल्यावर शिकलो, तोही परक्या भाषेत.

गेल्या शनिवारी तिघं क्लबला निघाली. सूनबाई म्हणाली, "बाबा, चला ना." मुलगा गाडीची किल्ली घेऊन जिन्याकडे बघत उभा होता.

"तुम्ही जा," मी म्हटलं. "मला पुष्कळ कामं आहेत."

"बरं," मुलगा म्हणाला आणि दार लागलं. चौतीस वर्षं मी लोकांचं खोटं पकडत आलो. माझं त्या घरात कोणी पकडलं नाही.