एकेक सांगा ना बाप्पा

फोन वाजला की ग्रेडरभाऊ तो समोरच्या धानाच्या राशीत पालथा खुपसायचे. मग दोन्ही तळहात कानांवर दाबून म्हणायचे, "एकेक सांगा ना बाप्पा!" समोर माणूस असो की मोबाईल, विनंती तीच.

कोंढ्याकडच्या एका धान खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. मूठभर धान तळहातावर घ्यायचं, यंत्रावर ओलावा बघायचा आणि माल घ्यायचा की परत पाठवायचा ते सांगायचं. त्यांच्याशी कोणी हुज्जत घालत नसे, कारण सरपंचांचं ओलं धानही ते तेवढ्याच थंडपणे परत पाठवत. नजरेला नजर मात्र देत नसत. धानाकडे बघूनच बोलत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आणि "तऱ्हेवाईक आहे" म्हणून पुढे गेला असाल. चाळिशीत नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना ऑटिझम असल्याचं सांगितलं. त्यावर त्यांचं म्हणणं एवढंच, "नाव सापडलं. मी तं तोच आहो."

मी अशा केंद्रांवरच्या ॲपची माणूस. कंपनी पुण्याची, मी सानगडीची. कुठल्या केंद्राचा फोन अडला की गाडी काढायची आणि निघायचं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी छाती पुढे करून सांगते. माझा बाप गावतलावाचा पाणकर. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, कधी पाणी सोडायचं ते बघायचा, आणि मळणी झाली की घरोघरून त्याचं धान मिळायचं. तलाव भरला नाही की तेही नाही. आई दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीला वाकलेली. उन्हाळा लागला की आमच्या घरची पेज पातळ होत जायची. आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं तेव्हा मी शाळेत होते. मास्तरांनी नवा नकाशा लावला, आमच्या घरची पेज तशीच राहिली.

असो. सांगायचं आहे ते ग्रेडरभाऊंचं.

ॲपवर सगळ्या सूचना एकाच आवाजात यायच्या. ट्रक आला, भोंगा. पोत्यांचा बारदाना संपला, भोंगा. "आपला दिवस शुभ जावो", त्यालाही भोंगा. पडदा लाल उघडझाप करायचा आणि फोन हातात थरथरायचा.

"बाई, हा फोन बोलत नाही, मारते," ते मला म्हणाले. "सगळे संगच बोंबलून राहिले. आधी कोणाचं आयकू?"

मी पुण्याला फोन केला. पलीकडचा मुलगा गोड बोलला, "मॅडम, बाकी कुठल्याच केंद्रावरून तक्रार नाही."

"तक्रार तुमच्या ॲपमधूनच करावी लागते," मी म्हटलं. "आणि ती केली की तेही भोंगा वाजवतं."

तो हसला. मला हसू आलं नाही. मी लिहून पाठवलं, पुन्हा पाठवलं, मीटिंगमध्ये बोलले. शेवटी एक दिवस नवं ॲप आलं, "विशेष गरजा असलेल्यांसाठी सोय" म्हणून. मी आनंदानं त्यांच्या फोनमध्ये टाकलं. भोंगा दुप्पट मोठा झाला होता, आणि वर एक बाई सूचना ओरडून वाचत होती. भाऊंनी फोन माझ्या हातात ठेवला आणि वजनकाट्यामागे जाऊन बसले. ज्यांनी हे बनवलं, त्यांना गरज म्हणजे बहिरेपण किंवा आंधळेपण एवढंच ठाऊक होतं.

पुढच्या हंगामात, ऐन गर्दीत, अवकाळी पाऊस आला. इशारा फोनवर आला होता, पण बारदाना, ट्रक आणि शुभ दिवस यांच्या ढिगाखाली. फोन होता राशीत पालथा. ताडपत्री पडेपर्यंत अंगणातलं धान भिजलं.

केंद्राचे व्यवस्थापक माझ्यासमोरच गरजले, "फोन झेपत नाही तं घरी बसा! मले येडा माणूस ठेवून बोलणी खायची नाहीत."

"पानी येते असं एकानं येऊन सांगतलं असतं," भाऊ धानाकडे बघत म्हणाले, "तं मीच झाकलं असतं."

त्यांना काढलं. घरी बायको विड्या वळायची, त्यावर चूल आली.

त्या रात्री रागानं मला जेवण गेलं नाही. बापानं विचारलं, "काहून तोंड पाडून बसली?" मी सांगितलं. सांगता सांगता बापाचंच काम डोळ्यांपुढे आलं. पाणी सोडायच्या आधी तो एकेका दारात उभा राहायचा. "उद्या सकाळी तुमची पाळी," एवढंच बोलायचा. आतून "हो" आलं की मगच पुढचं दार. गावात कोणी झोपेत असो, भांडणात असो, तो थांबायचा.

मी हेच पुण्याला सांगितलं, तंत्राची भाषा सोडून. भोंगा नको, थरथर नको, लाल नको. एक सूचना, काय करायचं ते एका ओळीत, खाली "हो". "हो" दाबल्याशिवाय दुसरी नाही. पाऊस असेल तर तो सगळ्यांच्या आधी. शुभेच्छा बंद. त्यांनी ते करेपर्यंत आणखी एक हंगाम गेला. आणि आलं तेव्हा पहिली मागणी केली केंद्रावरच्या ऑपरेटर मॅडमनी, ज्यांचं डोकं रोज दुखायचं: "मलेही तसंच करून द्या."

भाऊ तोवर एका राईस मिलमध्ये धान बघत होते. तिथे ॲप नव्हतं, हमाल येऊन सांगायचा. मी नव्या ॲपचा फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी "हो" दाबलं, दुसरी सूचना येईपर्यंत वाट बघितली, पुन्हा दाबलं.

"आता बराबर हाय. आधी काहून नाही केलं?"

"ऐकत नव्हते भाऊ."

"त्यांच्याही कानावर हात होते का?" म्हणाले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

भाऊंना परत घ्या म्हणून केंद्राच्या व्यवस्थापकांकडे मी शब्द टाकला. जागा भरली होती. भाऊंच्या खुर्चीवर आता नवी ग्रेडर बसते, तिचा फोन टेबलावर उताणा असतो.

ती सोय आता आमच्या ॲपच्या प्रत्येक केंद्रावर आहे. सूचना एका वेळी एकच येते, आणि "हो" म्हणेपर्यंत थांबते.