ब्युरेटची तोटी

बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मला तीसपैकी तीस मार्क होते. अहमदपूरहून लातूरला बीएस्सीला आले, तर पहिल्याच दिवशी लॅबमध्ये मॅडमनी ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या काचेच्या उभ्या नळीत, विरल ॲसिड भरायला सांगितलं. मी वरून ओतत राहिले आणि खालची तोटी उघडीच! ॲसिड टेबलावरून माझ्या पायांवर सांडलं. मॅडमनी आधी पाय नळाखाली धरायला लावले, मग विचारलं, "बारावीला ब्युरेट हातात धरलीच नाहीस का?"

"न्हाई मॅडम. क्लासमुळं कॉलेजला जाणंच नव्हतं. जर्नल नुसतं उतरवून काढलं."

मॅडम वर्गातल्या सगळ्यांकडं वळल्या. "कुणीकुणी धरली आहे?"

एकही हात वर झाला नाही. मी सुन्न झाले. इतके दिवस वाटायचं, लबाडी मी एकटीनंच केलीय. मॅडम सगळ्यांना तोटी कशी बंद करायची ते दाखवू लागल्या.