घुमटावर मारलेलं पाणी

नगर शहराबाहेर निजामशाहीच्या काळातला एक घुमट आहे. आत कोणाची कबर आहे हे आमच्यापैकी कोणालाच नीट माहीत नाही. तरी शहरातल्या जुन्या वास्तू जागतिक वारसा यादीत जाव्यात म्हणून समिती मात्र आम्ही थाटात काढली. अध्यक्ष आबासाहेब. चिटणीस मी, दत्तोपंत, निवृत्त शिक्षक. समितीत सतरा माणसं, त्यातल्या बाराजणांनी घुमट आतून पाहिलेलाही नव्हता.

तो रोज पाहणारी एकच बाई होती, साळूबाई. घोडेगावकडची. सत्तावीस वर्षं तिथं रोजंदारीवर झाडलोट करत होती. आतल्या भिंतीवर चुन्यातली वेलबुट्टी होती, ती जुन्या लुगड्याच्या फडक्यानं कोरडीच पुसायची. पुसण्याआधी बोटाचं पेर हळूच ठोकून बघायची. आवाज पोकळ आला की तिथं हात लावायची नाही. "हितं चुना सुटलाय, सर. ह्याला पानी दाखवायचं न्हाई," असं तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितलं. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. प्रस्तावातलं 'सद्यस्थिती' हे प्रकरण मी तिला विचारून विचारून लिहिलं आणि खाली नाव माझं घातलं.

पाहणीला पुण्याहून निवेदिता नावाच्या तज्ज्ञ बाई येणार असं ठरलं. पाहुणे येणार म्हटलं की आमच्याकडे आधी पाणी मारतात, मग ते अंगण असो की चारशे वर्षांची भिंत. आदल्या दिवशी आबासाहेबांनी टँकर बोलावला. पलीकडच्या वस्तीवर बाया तीन दिवस हंडे मांडून बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांदेखत तो घुमटाकडे वळला. साळूबाई दारात आडवी उभी राहिली.

"सर, तुमी तरी सांगा ह्यांना."

"पंत, पाहुण्यांना काय जळमटं दाखवायची का?" आबासाहेब म्हणाले.

मी साळूबाईला बाजूला व्हायला सांगितलं. पंपाची धार लागली आणि पाच मिनिटांत पूर्वेकडची अख्खी वेल खाली आली. त्या चिखलावर सतरंजी अंथरली आणि उघड्या पडलेल्या भिंतीशेजारी अध्यक्षांच्या फोटोचा फ्लेक्स लावला.

दुसऱ्या दिवशी निवेदिताबाईंनी प्रस्तावातला फोटो भिंतीशी धरला. "ही वेल कुठे गेली?"

"आमची झाडणारी बाई अडाणी आहे," आबासाहेब लगेच म्हणाले. "स्वच्छतेच्या नादात तिनं पाणी मारलं."

साळूबाई तिथंच उभी होती. ती रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"सत्तावीस वर्सांत मी थेंब लावला न्हाई, बाई. हे सर काल हितंच हुते. त्यांना इचारा."

निवेदिताबाई माझ्याकडे वळल्या. समितीतले बाकीचे सोळाही जण माझ्याकडे बघत होते.

"मला नक्की सांगता येणार नाही," मी म्हणालो.

आबासाहेबांनी एक फोन केला आणि साळूबाईचं काम त्याच आठवड्यात सुटलं. महिन्याभरानं प्रस्ताव परत आला. त्यावर शेरा होता की घुमटाची देखभाल आधी जाणकार माणसाकडे सोपवावी. समितीची बैठक झाली, मटणाचं जेवण झालं आणि त्या जागेसाठी एकमतानं माझं नाव सुचवलं गेलं. मी हो म्हणालो.