वानोळ्याची शिक्षा

शिंदखेड्यात आमच्या घरासमोरच्या गच्चीवर उन्हाळाभर धोतरं अंथरलेली असतात आणि त्यांवर वाळत घातलेले बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवायची, कांडायची, तीळ-लसूण घालून शिजवायची आणि ऊन चढायच्या आत थापून मोकळं व्हायचं. समोरच्या कमलबाईंचा जन्म यात गेला. चार वर्षांपूर्वी सून हेमांगीने मोबाइलवरच्या एका बाजारात त्यांच्या नावाने दुकान उघडलं. बिबडे पुण्या-नागपूरला जाऊ लागले, गल्लीतल्या नऊ बायकांना काम मिळालं.

कमलबाईंची एक खोड आहे. त्यांच्या घरून कुणी रिकाम्या हाताने गेलेलं त्यांना खपत नाही. पाहुणा निघाला की त्याच्या पिशवीत घरचं काहीतरी वानोळा म्हणून पडतंच. तर पार्सलातही त्या मूठभर कुरडया कागदात बांधून ठेवायच्या. यादीत नसलेलं काही घालायचं नाही, असा नियम असल्याचं हेमांगीने सांगून पाहिलं.

"आपला घरमाईन जाई राहिनं ना ते?" एवढंच त्या म्हणाल्या.

यंदा ऐन एप्रिलात दुकान बंद झालं. मोबाइलवर निरोप आला, 'चांगल्या शेऱ्यांसाठी ग्राहकांना आमिष दाखवल्याचे आढळले आहे.' मूठभर कुरडया म्हणजे आमिष! माशाला दाखवतात ते! वाचून माझं डोकंच फिरलं. मी रिटायर मास्तर, म्हणून हेमांगी फोन घेऊन माझ्याकडे आली होती. मदतीचा नंबर लावला तर यंत्र बोललं. तीन दिवस यंत्रच बोलत होतं. यांचा बाजार, यांचाच नियम, तक्रार यांची, निवाडाही यांचाच. आणि माणूस म्हणाल तर एकही नाही.

"सोडून द्या तो बाजार," मी म्हणालो.

"आणि विकायचं कुणाला, सर?" हेमांगी म्हणाली. "गिऱ्हाइकाचा नंबर ते आपल्याला दिसू देत नाहीत. पत्ता पार्सलवर चिकटवण्यापुरता. लिहून ठेवला तर तोही गुन्हा. चार वर्षांचे शेरे, तारे, सगळं तिथेच राहणार."

असं धरून ठेवतात बघा. दावणीच्या बैलाला निदान दोर तरी दिसतो.

दुकान उघडायला एकच वाट होती. कबुलीजबाब लिहायचा. काय चुकलं, का चुकलं, पुन्हा का चुकणार नाही. कॉपी करताना पकडलेल्या पोरांकडूनही मी असं कधी लिहून घेतलं नव्हतं. लिहिणार नाही म्हणून मी हटून बसलो. मग कमलबाई स्वतः आल्या. पदर सावरत उंबऱ्याशीच बसल्या.

"मास्तर, वानोळा देनं हाई चूक शे का?"

"नाही, अक्का."

"माले बी माहीत शे. पन बठ्ठा डबा भरेल शेतस. नऊ बाया घर बसेल शेतस. लिखी द्या."

मी लिहिलं. 'मी ग्राहकांना आमिष दाखवले, याचा मला खेद आहे.' खाली त्यांचं नाव. इतकं खोटं मी आयुष्यात लिहिलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं. 'आमच्या परिवारात पुन्हा स्वागत!' म्हणे. परिवार!

परवा हेमांगीने एक शेरा वाचून दाखवला. पुण्याच्या कुणी मंदाबाई, दर उन्हाळ्यात मागवणाऱ्या. 'बिबडे नेहमीसारखे छान. पण या वेळी वानोळा नव्हता. माहेरून आल्यासारखं वाटायचं. कमलअक्का बऱ्या आहेत ना?'

कमलबाईंचे डोळे भरून आले. "लिख, मी बरी शे म्हनीसन."

हेमांगीने फोन त्यांच्यापुढे धरला. उत्तराची तीन वाक्यं कंपनीने आधीच लिहून ठेवली होती, त्यातलं एक निवडायचं. स्वतःचं लिहायला जागाच नव्हती.

"मंग तिले कसं कळई?" कमलबाईंनी मला विचारलं.

हेमांगीने 'आपल्या खरेदीबद्दल धन्यवाद' वर बोट ठेवलं.